एसोट्रोपिया, एक्सोट्रोपिया म्हणजे नक्की काय?

तुम्ही विचारलंय की मुलाच्या फाइलवर डॉक्टरांनी एसोट्रोपिया लिहिलंय, म्हणजे काय. तर डोळा नाकाकडे आत वळलेला असेल तर एसोट्रोपिया, बाहेर कानाकडे गेला तर एक्सोट्रोपिया, वर गेला तर हायपरट्रोपिया आणि खाली गेला तर हायपोट्रोपिया, आपण या सगळ्याला तिरळेपणाच म्हणतो. शब्दाच्या शेवटी ट्रोपिया ऐवजी फोरिया लिहिलं असेल तर तिरळेपणा लपलेला आहे, म्हणजे एक डोळा झाकला की तेवढ्यापुरता तो सरकतो, एरवी दोन्ही सरळ. हा प्रकार बऱ्याच जणांना थोडाफार असतोच, त्रास नसेल तर काही करावं लागत नाही.

लहान मुलांमध्ये २-३ वर्षांच्या आसपास आत वळणारा डोळा खूपदा चष्म्याच्या प्लस नंबरमुळे असतो, जवळचं बघताना जास्त जोर लावावा लागतो आणि त्या जोराबरोबर डोळा आत ओढला जातो, अशा मुलांचा तिरळेपणा कधीकधी नुसत्या चष्म्यानेच जातो! एक्सोट्रोपिया बऱ्याचदा येऊन-जाऊन असतो, मूल दमलं की दिसतो, उन्हात गेलं की एक डोळा मिटून घेतं.

आणि प्लीज, तिरळा म्हणजे नशीबवान म्हणून थांबू नका, मोठा झाला की जाईल म्हणूनही नको, मेंदू त्या डोळ्याचं चित्र घेणंच बंद करतो आणि नजर कायमची कमी राहू शकते, यालाच लेझी आय म्हणतात. मोठ्या माणसाला अचानक एकाचे दोन दिसायला लागले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.