गावातल्या सरकारी दवाखान्यात गरोदरपणाची तपासणी नीट होते का?

दादा, तुम्ही विचारलंय की वहिनीला तिसरा महिना आहे, प्रायव्हेट परवडत नाही, तर सरकारीत भागेल का. भागतं, पण नुसत्या फेऱ्या मारून भागत नाही, हे माझ्यावरनं सांगते. मी अक्कलकोट तालुक्यातली. पहिल्या वेळी उपकेंद्रातली एकही फेरी चुकवली नाही, आशाताईचा निरोप आला की मी हजर, इंजेक्शन झालं, रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या, मला वाटायचं सगळं व्यवस्थित चाललंय. आठव्यात पाय असे सुजले की जोडवी निघेनात, साबण लावून काढली, डोकं ठणकायचं, सासूबाई म्हणाल्या पहिलटकरणीला होतंच असं.

9 तारखेला पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला तर बीपी 160/100. कार्ड उघडलं तर आधीच्या तिन्ही वेळेला 120/80 लिहिलेलं, आणि माझ्या दंडाला पट्टा त्या दिवशी पहिल्यांदा लागला होता! अजून आठवलं की राग येतो. लगेच 102 च्या गाडीनं सोलापूरला सिव्हिलला पाठवलं, मुलगी वजनानं कमी पण सुखरूप झाली. सिझर, औषधं, जेवण, घरी सोडायची गाडी, सरकारीत हे सगळं मोफतच असतं, कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

उपकेंद्रातल्या सिस्टरला एकटीला पाच हजार लोकसंख्या, लसीकरण, रजिस्टरं, तिचे हाल मला कळतात, पण न मोजता आकडा लिहिणं जिवावर बेततं. म्हणून वहिनीसोबत कुणीतरी जावा, दर वेळी बीपी, वजन, लघवी, पोटाची तपासणी खरंच केली का बघा आणि मगच कार्डावर लिहू द्या. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर गोळी चुकवायची नाही, संडासला काळं होतं म्हणून आमच्याकडं निम्म्या बायका सोडून देतात, त्यानं काही होत नाही, फक्त चहाबरोबर घेऊ नका. 7 च्या खाली गेलं तर सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. ऊसतोडीला जाणार असाल तर कार्ड सोबत पाहिजेच, तिथल्या पीएचसीतपण दाखवता येतं.

पहिलंच असेल तर सरकारच्या मातृवंदना योजनेचा फॉर्म आशाताईकडनं आत्ताच भरून घ्या, 5000 मिळतात. आणि चौथा लागला की 9 तारखेला पीएचसीत न्या, त्या दिवशी डॉक्टर स्वतः तपासतात, रविवार आला तर आदल्या दिवशी आशाताईला फोन करून विचारा.