आडू (पीच) पारखताना नुसती गोडी बघू नकोस

अरे, चव लागली म्हणून लगेच झाड निवडायची घाई नको. इंदूरच्या चोइथराम मंडीतून आणलेला पिकला आडू बोटाखाली दबतो, रस मनगटापर्यंत ओघळतो. खायला झकास, पण पाकात शिजवलास की लगदा! डबाबंदीला पिकूनही घट्ट राहणारा, कोयीला चिकटलेला पिवळा गर हवा. कोयीभोवतीची लाली नको, डब्यात ती तपकिरी पडते. ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजताना उन्हाकडचं आणि सावलीतलं, दोन्ही फळं घे. संकर करायचाच असेल तर कळी गुलाबी असतानाच पुंकेसर काढ. कारण आडू स्वतःच्याच परागावर फळतो. आणि इंदूरच्या हिवाळ्याला फ्लोरडाप्रिन्ससारखी कमी थंडीवर भागणारी जातच लाव. डोंगरातली कडाक्याची थंडी मागणारी कलमं इथे धड फुलायचीसुद्धा नाहीत.