पोलिसांची जुनी जीप: घासायची किती, ठेवायची किती

प्रश्न: रामराम भाऊ. आम्ही गावातल्या काही जणांनी मिळून जुन्या वस्तूंचं छोटं संग्रहालय उभं केलंय, मोट, मापं, कंदील, बैलगाडी असं सगळं. आता एका शेतकरी दादांनी त्यांची हाय बॉनेट जीप देऊ केलीये. त्यांच्या वडिलांनी ती पोलिसांच्या लिलावात घेतली होती, नंतर कित्येक वर्षं शेडमध्ये उभी. खालचा पत्रा गंजलाय, इंजिन जाम आहे, वरून कोणीतरी हिरवा रंग फासलाय. गॅरेजवाला म्हणतो सगळा रंग पत्र्यापर्यंत काढू, नवा चकाचक मारू, बाजूला 'नंदुरबार पोलीस' लिहू आणि वर दिवा लावू. करू का?
– एक वाचक, शहादा तालुका

उत्तर: रामराम. आधी गॅरेजवाल्या भाऊंना हात जोडून सांगा, थोडं थांबा. काम ते चांगलंच करतील, पण ग्राइंडर एकदा फिरला की त्या गाडीचा सगळा इतिहास धूळ होऊन उडून जातो आणि मग तो कितीही पैसे टाकले तरी परत येत नाही.

रंगाचं सविस्तर सांगतो. हिरव्या रंगाखाली काय आहे ते अंदाजानं ठरवू नका, कोणाच्या आठवणीवर पण नाही, गाडीलाच विचारा. बॉनेटच्या बाजूला रुपयाएवढी जागा धरा, वॉटर पेपर पाण्यात भिजवून हळूहळू घासा, मधे जास्त आणि कडेला कमी. झाडाच्या खोडासारखी एकात एक वर्तुळं दिसायला लागतात, हिरवा, त्याच्या खाली दुसरा, मग प्रायमर, मग पत्रा. मी एका जीपवर हे केलं तेव्हा चार थर निघाले, आणि तिसऱ्या थरावर पांढऱ्या अक्षराची एक तिरपी कड दिसली, नखाएवढी. अक्षर पूर्ण उघडायला दोन दिवस लागले, पण ते कोणा पेंटरनं ब्रशनं लिहिलेलं होतं, स्टिकर नव्हतं, वळणावर ब्रशचे केस उमटलेले. असं काही सापडलं तर तेवढा तुकडा उघडाच ठेवायचा, त्याच्यावर नवं काही लिहायचं नाही. डॅशबोर्डच्या मागे, सीटखाली आणि नंबर प्लेटच्या मागे पण बघा, तिथं पेंटरचा हात पोचत नाही म्हणून मूळ रंग बऱ्याचदा शाबूत असतो. आणि हे कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. ब्रेक लायनिंगची धूळ पण कॉम्प्रेसरनं उडवायची नाही, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसा.

आता 'नंदुरबार पोलीस'. हे मात्र नकोच. नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला, त्याआधी शहादा धुळे जिल्ह्यात, आणि त्याच्याही आधी हा सगळा पश्चिम खानदेश. तुमची जीप त्याच्या आधी सेवेत असेल तर तिच्यावर नंदुरबार असणार कसं? खाली 'धुळे' निघालं तर ते आपल्या भागासाठी केवढं मोलाचं आहे बघा, शाळेतल्या पोरांना जिल्हा कसा वेगळा झाला ते त्या एका शब्दावरून सांगता येईल. आपल्या धुळ्यातच इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावानं संशोधन मंडळ आहे, त्या माणसानं आयुष्यभर गावोगाव फिरून अस्सल कागद गोळा केले. कोणी जुन्या कागदावर नवी शाई फिरवून आणली असती तर त्यांना ते चाललं असतं का? पत्र्याचं पण तसंच आहे.

गंजाबद्दल. सडलेला तेवढाच पत्रा कापा, नवा वेल्ड करा आणि नव्या तुकड्याच्या आतल्या बाजूला वर्ष पंच करून ठेवा, म्हणजे पुढच्याला मूळ कुठलं आणि नवं कुठलं ते कळेल. भोकांवर लांबी (पुट्टी) थापून झाकू नका, आत पाणी धरतं आणि दोन पावसाळ्यात फुगून येतं. ठोकर लागून दबलेला मडगार्ड, घासलेलं पेडल, हे राहू द्या, ते नोकरीतले वार आहेत.

इंजिन. हाय बॉनेट म्हणजे जीपचं सीजे-3बी मॉडेल, तिचं हरिकेन इंजिन साधारण 2.2 लिटरचं. त्यात इनटेक व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणारा) वर हेडमधे आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) खाली ब्लॉकमधे, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि बॉनेट वर उचलावं लागलं. जाम असेल तर ढकलून किंवा ओढून चालू करायला अजिबात जाऊ नका, पिस्टनच्या रिंगा तुटतील. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमधे डिझेल आणि ऑईल मिसळून सोडा, आठवडाभर राहू द्या, मग हँडलनं अगदी थोडं पुढे-मागे करा. आत पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन निघालं तर लगेच भंगारात देऊ नका, आधी शोधा ते खात्यानं बसवलं की नंतरच्या मालकानं. खात्यानं बसवलं असेल तर तोच तिचा इतिहास, माझं मत तरी तेच.

दिवा संग्रहालयाच्या आत ठीक आहे, तो पण गाडीवर जुन्या बोल्टची भोकं सापडली तरच. रस्त्यावर दिवा किंवा 'पोलीस' अक्षरं उघडी ठेवून गाडी काढू नका, ट्रेलरवर न्या. रस्त्यावर आणायचीच असेल तर 2021 च्या नियमानुसार 50 वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षं. पण त्यात पण चेसिस, बॉडी, इंजिनमधे मोठा बदल चालत नाही.

ठेवताना गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) उचला, टायरवर वजन नको. पेट्रोल काढून टाका, बॅटरी सोडवा. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको, पत्र्याच्या शेडमधे रबर आणि ताडपत्री तडकतात, तेव्हा कौलाखाली किंवा स्लॅबखाली जागा बघा.

आणि एक काम सगळ्यात आधी करा. तालुक्यात निवृत्त झालेले पोलीस ड्रायव्हर शोधा आणि त्यांना घरी बोलवायचं नाही, गाडीजवळ आणायचं. माझ्या वेळी एका बाबांनी स्टेअरिंगला हात लावला आणि अहिराणीत म्हणाले 'हाई मनी गाडी शे', म्हणजे ही माझी गाडी आहे, मग डाव्या सीटखाली हात घालून बंदुका अडकवायचा खोबणीचा तुकडा दाखवला, जो आम्ही भंगार समजून काढणार होतो. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. चेसिस प्लेटचा आणि पहिल्या घासलेल्या जागेचा फोटो पाठवा, गाडी कोणत्या काळातली ते आपण पुढच्या अंकात मिळून बघू.