व्ल्कोलिनेत्सचा इतिहास अभ्यासताना

स्लोव्हाकियातील डोंगरी गावांचा अभ्यास आपण नव्यानेच सुरू करीत असल्यास रुझोम्बेरोक शहराजवळील व्ल्कोलिनेत्सपासून आरंभ करावा, असे मी आग्रहाने सुचवतो. १३७६ मध्ये प्रथम उल्लेख आढळणारे हे गाव १९९३ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. कागदपत्रांआधी घरे पाहावीत: दगडी जोत्यावर आडवे ओंडके रचून, त्यांवर मातीचा गिलावा देऊन रंगवलेल्या भिंतींतच इथल्या शेतकरी, मेंढपाळ आणि लाकूडतोड्यांचे जीवन सर्वांत स्पष्ट दिसते. १७७० चा लाकडी घंटामनोरा सावकाश न्याहाळावा. रिकाम्या जागांचीही नोंद करावी, कारण १९४४ मध्ये नाझी जर्मनीविरुद्ध झालेल्या स्लोव्हाक राष्ट्रीय उठावानंतर जर्मन सैन्याने गावाचा काही भाग जाळला होता. तेथे आजही मोजकी माणसे राहतात. म्हणून अंगणात शिरण्यापूर्वी परवानगी अवश्य घ्यावी.