मम, नॅन, आंटी, मॅम: कोणाला काय म्हणावे?

प्रश्न: आईसाठी इंग्रजीत मम, मॉम, मॅम असे तीन शब्द दिसतात. बरोबर कोणता? आणि पहिले अक्षर कॅपिटल केव्हा?

तिन्ही बरोबर आहेत, फरक प्रदेशाचा. 'यू' घालून लिहिलेले मम ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे. 'ओ' घातलेले मॉम अमेरिकेचे, पण इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम परिसरातही कित्येक घरांत तेच लिहितात. तिथल्या कोणी तसे लिहिले तर चूक काढायला जाऊ नका. 'ए'चे मॅम वेल्स, आयर्लंड आणि ईशान्य इंग्लंडमध्ये ऐकू येते.

कॅपिटलसाठी त्या शब्दाच्या जागी नाव घालून पाहा. 'आय रँग मम' ऐवजी 'आय रँग मेरी' म्हणता येते, म्हणून तिथे एम मोठा. 'माय मम' ऐवजी 'माय मेरी' सहसा म्हणत नाहीत, म्हणून तिथे लहान. ग्रॅन (आजी) आणि आंटीलाही हीच कसोटी लावा.

प्रश्न: आईची आई आणि वडिलांची आई यांना इंग्रजीत वेगळी नावे नाहीत का?

ठरलेली नाहीत. मग घरेच सोय करतात: एकीला नॅन, दुसरीला ग्रॅनी, किंवा पुढे नाव जोडून ग्रँडमा जीन, ग्रँडमा रूथ. नॅन इंग्लंड-वेल्सकडचे, मीमॉ अमेरिकेच्या दक्षिणेकडचे. ग्रँडमा सगळीकडे समजते. अनोळखी वृद्ध बाईंना मात्र ग्रॅनी म्हणू नये, त्यात वयावर बोट ठेवल्यासारखे होते.

प्रश्न: नात्यात नसलेल्या वयस्कर बाईंना आदराने 'आंटी' म्हटले तर चालते का?

हे त्या बाईंच्या समाजावर अवलंबून आहे. चुकीच्या जागी हाच शब्द जखम करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजांत आंटी ही मानाची उपाधी आहे. समाजाने ज्येष्ठ मानलेल्या स्त्रीच्या नावाआधी ती कॅपिटल ए घालून लिहितात. ती समाजाने दिलेली असते, त्यामुळे बाहेरच्याने आधी विचारावे आणि मगच वापरावी. हवाई आणि कॅरिबियन बेटांवर मोठ्या बाईंना आंटी म्हणणे रोजचे आहे. ब्रिटनमध्ये आईवडिलांच्या जवळच्या मैत्रिणीला मुले आंटी म्हणतात, पण अनोळखी बाईंना नाही.

अमेरिकेत खरी काळजी घ्यायला हवी. गुलामगिरीच्या आणि नंतर वर्णभेदाच्या काळात दक्षिणेतले गोरे लोक कृष्णवर्णीय स्त्रियांना मिस किंवा मिसेस म्हणायचे टाळत. तरुणींना नुसत्या नावाने हाक मारत आणि वयस्कर स्त्रियांना आंट किंवा आंटी म्हणत. या शब्दात आपुलकीचा आव होता, पण हेतू मान नाकारण्याचा होता. मेरी हॅमिल्टन या नागरी हक्क कार्यकर्तीने अलाबामाच्या न्यायालयात, 'मिस हॅमिल्टन' म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही, असे सांगितले. तिला न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा झाली. 1964 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. 'आंट जेमिमा' हे पॅनकेकच्या पिठाचे जुने नाव 2021 मध्ये बदलले, त्यामागेही हाच इतिहास आहे. कृष्णवर्णीय कुटुंबे आपसांत आंटी प्रेमाने म्हणतात. बाहेरच्याने मिस किंवा मिसेस आणि आडनाव, हीच सुरुवात ठेवावी. लग्न झाले आहे की नाही हे माहीत नसेल तर मिझ.

आंटीपुढे पहिले नाव येते, आडनाव नाही: 'आंटी मेरी' ठीक, 'आंटी स्मिथ' कानाला खटकते. स्पेलिंगच्या शेवटी 'आय-ई' किंवा 'वाय', दोन्ही चालतात.

प्रश्न: 'मॅडम' आणि 'मॅम' यांत फरक काय?

पत्राच्या सुरुवातीला 'डिअर मॅडम' आणि पदाला जोडून 'मॅडम प्रेसिडेंट' हे मॅडमचे नेहमीचे उपयोग. आडनावाला ते जोडत नाहीत. 'मॅडम स्मिथ' ऐवजी 'मिसेस स्मिथ' किंवा 'मिझ स्मिथ' म्हणा. 'अ मॅडम' असे नाम म्हणून वापरले तर कुंटणखाना चालवणारी बाई असाही अर्थ होतो.

मॅम बोलण्यातले; हे वर आलेले आईसाठीचे मॅम नव्हे, मॅडमचे छोटे रूप. अमेरिकेच्या दक्षिणेत मुले आईलाही 'येस, मॅम' म्हणतात. तिथेच ओळखीच्या मोठ्या बाईंना 'मिस मेरी' अशी पहिल्या नावासह हाक मारतात, लग्न झालेले असो वा नसो. इतर राज्यांत मॅम ऐकून काही बायकांना आपण म्हाताऱ्या ठरलो असे वाटते. ब्रिटनमध्ये पोलिस आणि सैन्यातल्या वरिष्ठ महिला अधिकाऱ्यांना मॅम म्हणतात. राणीला पहिल्यांदा 'युवर मॅजेस्टी', त्यानंतर मॅम. उच्चार 'जॅम'सारखा आखूड, 'माम' असा लांबवायचा नाही.