१० बाय १२ च्या हॉलसाठी रेट्रो बुकशेल्फ स्पीकर: लिंटन की जेबीएल क्लासिक?

तुम्ही विचारलंय की दादरला १० बाय १२ चा हॉल आहे, बाबांच्या एलपी परत लावायला सुरुवात केलीय, त्यासाठी जुन्या वळणाचे लाकडी स्पीकर हवेत, मग व्हार्फडेल लिंटन घ्यावे की जेबीएलच्या क्लासिक सिरीजमधले, आणि मित्र म्हणतोय की ह्यात नुसते दिसण्याचे पैसे जातात.

मित्राचं मला पटत नाही. दिसणं आहेच, आणि रोज नजरेसमोर राहणारी वस्तू देखणी असावी असं मलाही वाटतं, पण जुन्या पद्धतीच्या रुंद खोक्याचा आवाज खरंच वेगळा येतो आणि त्याला कारण आहे. एका ठराविक फ्रीक्वेन्सीच्या वरचा आवाज खोक्याची पुढची फळी सरळ तुमच्याकडे पाठवते, त्याच्या खालचा आवाज खोक्याला वळसा घालून मागेसुद्धा पसरतो. फळी जितकी रुंद तितकी ही हद्द खाली सरकते. आजकालच्या अठरा-वीस सेंमी रुंद स्पीकरला ती ६०० हर्ट्झच्या आसपास असते, लिंटन ३० सेंमी रुंद आहे त्यामुळे तिथे ती ३८० च्या जवळपास येते, म्हणजे गाणाऱ्याच्या आवाजाचा बराच भाग फळीचा आधार घेऊन समोर येतो आणि तो भरदार लागतो. अरुंद खोक्यात हीच भरपाई क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे खालचे सूर वूफरकडे आणि वरचे ट्विटरकडे वाटणाऱ्या सर्किटमध्ये, करावी लागते आणि तिथे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरमध्ये निघणारा आवाज, खर्च होते. लिंटन ९० डेसिबलचा, जेबीएल क्लासिकमधला छोटा एल ५२ हा ८५ चा. ह्या ५ डेसिबलसाठी अ‍ॅम्पला साधारण तिप्पट पॉवर द्यावी लागते, आणि एल ५२ चार ओहमचा आहे, म्हणजे करंट जास्त ओढतो, तेव्हा त्याला किरकोळ अ‍ॅम्प लावू नका.

हे सगळं वाचून लिंटनच घ्यावासा वाटेल, पण तुमच्या हॉलसाठी मी तो सुचवणार नाही. त्याचे दोन पोर्ट (बेसची हवा बाहेर सोडणारी भोकं) मागच्या बाजूला आहेत, भिंतीपासून निदान फूटभर तरी पुढे ओढावा लागतो, स्पीकरची स्वतःची मागेपुढे लांबी सव्वा फूट, वर मागे वायरी, म्हणजे हॉलचा अडीच फुटाचा पट्टा गेलाच. मग सोफा मागच्या भिंतीला टेकणार आणि तिथेच सगळ्यात जास्त बेस साचतो. १० फुटांच्या भिंतीमधला पहिला घुमणारा सूर ५६ हर्ट्झ, १२ फुटांमधला ४७, आणि पखवाजाचा खालचा घुमारा, ऑर्गनचे खर्जाचे सूर ह्या भागाच्या जवळच वावरतात. सिमेंटच्या भिंती, खाली गुळगुळीत टाइल्स, हा घुमारा विरायला जागाच नाही. खालच्या मजल्यावरच्या काकांना गाणं ऐकू येणार नाही, फक्त धुम धुम ऐकू येईल, स्लॅबमधून बेसच जातो.

माझं मत जेबीएल क्लासिकमधला एल ८२ किंवा एल ५२. दोन्हींचे पोर्ट पुढे आहेत त्यामुळे भिंत जवळ असली तरी चालवून घेतात, आणि पुढच्या पॅनेलवर ट्विटर कमीजास्त करायचं बटण आहे, टाइल्सच्या चकचकीत खोलीत ते फार कामाला येतं, थोडं खाली घ्या. एल ८२ चा वूफर ८ इंची, एल ५२ चा सव्वापाच इंची. स्टँडला जागा असेल तर ८२, कपाटाच्या वर किंवा ब्रॅकेटवर ठेवायचा असेल तर ५२. ती नारिंगी चौकोनी फोमची जाळी जेबीएलच्याच १९७० च्या एल १०० वरून घेतलीय. आणि तुम्ही बहुतेक फक्त गायकीच ऐकत असाल, मोठ्याने ऐकत नसाल, तर बीबीसीच्या एलएस३/५ए वळणाचे बंद खोक्याचे छोटे स्पीकरही ऐकून बघा. ते १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसून मॉनिटर करायला बनवले होते, म्हणजे मुळात अडचणीच्या जागेसाठीच. त्यांच्यातून माणसाचा आवाज जसा येतो तसा मी दुसरीकडे फार कमी ऐकलाय. बेस मात्र मर्यादित.

डेमोला जाताना घरची रेकॉर्ड घेऊन जा, दुकानदाराची ऑडिओफाइल गाणी ऐकून काही कळत नाही. अभंगाची एक रेकॉर्ड पुरते. टाळ ऐका: प्रत्येक ठोका वेगळा वाजून हळूहळू विरला पाहिजे, नुसतं चस चस होत असेल तर तो ट्विटर घरच्या टाइल्सवर डोकं उठवेल. पखवाजावर थाप कुठल्या बाजूला पडली ते कळतं का बघा, नुसता फुगीर आवाज नको. मग मुख्य गायक आणि मागचे टाळकरी वेगळे ऐकू येतात की एकाच गर्दीत मिसळतात. आवाज कमी करून परत ऐका, कारण रात्री दहानंतर घरी तसाच ऐकणार आहात.

चोरबाजारातला जुना जोड घ्यायचा मोह झाला तर वूफरच्या कडेची रिंग बोटाने हळूच दाबून बघा. फोमची असेल तर आपल्या दमट हवेत ती भुगा होते, रबर किंवा कापडाची जास्त टिकते. वूफरचा पडदा (कोन) दोन्ही बाजूंनी सारखा दाबून आत ढकलला आणि खरखर आली तर सोडून द्या.

घरी आणल्यावर ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, दोन स्पीकरमधलं अंतर आणि तुमच्यापर्यंतचं अंतर साधारण सारखं, तोंड थोडं आत वळवलेलं. शोकेसच्या खणात कोंबू नका. समोर जाड सतरंजी घाला, सोफा भिंतीपासून जमेल तेवढा पुढे घ्या, वीतभरानेही फरक पडतो. ओल धरणाऱ्या भिंतीला लागून तर अजिबात ठेवू नका, पावसाळ्यात खोक्याचं एमडीएफ (दाबलेल्या भुशाची फळी) फुगतं आणि वरचं व्हिनियर (लाकडाचा पातळ थर) सुटतं. अ‍ॅम्प कुठला आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, मॉडेल खाली टाका, चार ओहमला चालेल का ते बघून सांगतो.