तुमचे प्रश्न : काढलेला पाय दुखतो कसा?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही अमळनेर तालुक्यातले. आप्पांना (वडील, वय ६३) जुनी शुगर. उन्हाळ्यात शेतात अनवाणी फिरले, अंगठ्याला जखम झालेली कळलीच नाही, मग गँगरीन झालं आणि पाय गुडघ्याखालून काढावा लागला. टाके वाळले, पण रात्री उठून बसतात, 'मना पाय दुखस' म्हणतात, नसलेली बोटं कोणी पिळतंय असं सांगतात. घरचे म्हणतात मनाचे खेळ, आत्या म्हणते भगताकडे न्या. काय करू?

उत्तर : दादा, आधी हे घरात सगळ्यांना वाचून दाखवा. आप्पांचं दुखणं खरं आहे, शंभर टक्के खरं. याला फँटम लिंब पेन म्हणतात. पाय गेला तरी मेंदूत त्याची जागा राहते, कापलेल्या नसांच्या टोकांतून काहीबाही संदेश वर जात राहतात आणि मेंदूला वाटतं बोटंच दुखतायत. हातपाय काढलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना हे होतं, सोळाव्या शतकात अँब्रोज पारे या फ्रेंच सर्जननेही लिहून ठेवलंय. भगताकडे नेऊ नका, आप्पांना वेड लागल्यासारखं वागवू तर मुळीच नका.

साध्या पेनकिलरने हे फारसं थांबत नाही, उलट मेडिकलवरून रोज आणून दिल्या तर शुगरवाल्याच्या किडनीला त्रास. नसांच्या दुखण्याच्या गोळ्या वेगळ्या, गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन वगैरे, त्या डॉक्टरच ठरवतील, किडनी बघून. त्यांनी गुंगी येते, म्हणून रात्री बाथरूमला जाताना सोबत राहा.

आरशाचा उपायही करून बघा, १९९०च्या दशकात मेंदूचे अभ्यासक डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी तो पुढे आणला. दोन पायांमधे उभा आरसा धरायचा, त्यात चांगला पाय दिसला पाहिजे, मग तो हळूहळू हलवायचा आणि आरशात बघत राहायचं, रोज पंधरा मिनिटं. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण खर्च नाही आणि फिजिओथेरपिस्ट शिकवतात. जखम पूर्ण भरली की जयपूर फूटचं विचारा, कृत्रिम पाय वापरायला लागल्यावर बऱ्याच जणांचं दुखणं कमी होतं.

आता खरी काळजी उरलेल्या पायाची. हायवेचे अपघात, रेल्वे, थ्रेशर यानेही पाय जातात, पण आप्पांच्या वयात जास्त करून शुगर आणि तंबाखू, दोन्हीने रक्तवाहिन्या अरुंद होतात. बिडी असेल तर आजच बंद. रोज संध्याकाळी तळवा आणि बोटांच्या बेचक्या तुम्ही स्वतः बघा, कारण त्यांना काटा मोडलेलाही कळणार नाही, आणि फोड, काळा डाग किंवा पू दिसला तर हळद लावून वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.